गार जागा

"गार कुठं लागतंय?"

वैदेहीनं हातातलं यंत्र गाडीच्या रेडिएटरवर रोखलं. घोडा दाबला की तापमानाचा आकडा दाखवणारं, पिस्तुलासारखं यंत्र. ते तिनं पुण्याहून मागवलं होतं.

"वर चौऱ्याऐंशी. मध्ये ब्याऐंशी. ठीक आहे, उस्ताद."

"आकडा न्हाई विचारला. गार कुठं लागतंय ते विचारलं."

"आकड्यात तेच असतं."

उस्तादांनी तिला इंजिन बंद करायला लावलं. सदऱ्याची बाही वर सारली. मग हात उपडा करून बोटांची मागची बाजू जाळीवर टेकवत, उचलत, पुन्हा टेकवत ते डावीकडून उजवीकडं गेले. ताप बघावा तसे.

"इथं. चार बोटं रुंद. आणि खालच्या कोपऱ्यात एक."

वैदेहीनं तिथं यंत्र धरलं. एकसष्ट.

"ही जागा राहिली माझ्याकडून."

"पाणी फिरतंय तिथं गरम लागतं," उस्ताद म्हणाले. "गार लागलं, की आत रस्ता बंद."

"माहीत आहे."

"माहीत आहे," उस्ताद म्हणाले, आणि हात पुसायला गेले.

पसरणीचा घाट जिथं चढायला लागतो, तिथं वाईच्या बाहेर हसन मुजावर यांचं गॅरेज आहे. पत्र्याचं, दोन गाड्या मावतील एवढं. वर पाचगणीला जाणारी आणि मध्येच वाफ सोडून बसणारी वाहनं चाळीस वर्षं त्यांच्याकडं उतरून येतात. त्यामुळं उस्तादांचा सगळा जन्म पाण्यात गेला. इंजिनाच्या पाण्यात.

त्यांचा एक रिवाज होता. दुरुस्त झालेली गाडी रात्रभर उभी करायची, तिच्याखाली पांढरं फडकं अंथरायचं आणि सकाळी फडकं बघायचं. मग इंजिन तापवून रेडिएटरला उपडा हात लावायचा. सगळीकडं सारखं गरम लागलं तर ते दोन शब्द बोलायचे. जाऊ दे. हे शब्द आले नाहीत तर गाडी जायची नाही, मग मालक कुणीही असो.

वैदेही भिलारे इंजिनियरिंगला पहिली आली होती. तीन वर्षं ती उस्तादांच्या हाताखाली होती. या तीन वर्षांत तिनं किती गाड्या केल्या याची मोजदाद नव्हती, पण प्रत्येक गाडीला शेवटचा हात उस्तादांचा लागला होता. आता साताऱ्यात तिनं एक शेड बघितली होती. बोर्डही रंगवून घेतला होता. तो वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या कॉटखाली होता, आणि ते उस्तादांना माहीत होतं.

"एक गाडी तुझ्या हातावर जाऊ दे," ते म्हणाले होते. "मग जा."

ती गाडी ही होती.

गडद हिरवी, टप उघडणारी, दोनच माणसांची विलायती गाडी. पाचगणीच्या फ्रेनीबाई सुखियांची. फ्रेनीबाईंनी तिथल्या एका शाळेत चाळीस वर्षं पियानो शिकवला. त्यांचे यजमान जाल तरुणपणी ही गाडी शर्यतीत पळवायचे. ते गेल्यापासून नऊ वर्षं ती बंद पडून होती. गेल्या आठवड्यात फ्रेनीबाईंनी ती टेम्पोत घालून खाली आणली.

"सोमवारी पुण्याचा एक माणूस ती घेऊन जाणार," त्या म्हणाल्या होत्या. "विकली मी. पण रविवारी सकाळी घाटातून मी तिला वर नेणार. मी एकटी."

"एकट्या कशाला बाई?" उस्तादांनी विचारलं होतं.

"सारी जिंदगी जालनं मला घाटात स्टिअरिंग दिलं नाही. घाट आला की गाडी थांबवायचा. म्हणायचा, फ्रेनी, तू इकडे बस." त्यांनी डावी सीट दाखवली होती. "रविवारी इकडे कुणी बसणार नाही."

उस्ताद हसले होते. वैदेही हसली नव्हती.

*

शुक्रवारी दुपारी स्ट्रॉबेरी आणायला वर निघालेला एक ट्रक वाफ सोडत आला. झाकण उघडताना फस्स झालं आणि वैदेही दोन पावलं मागं गेली.

"तीन वर्षं झाली," उस्ताद म्हणाले, "अजून दचकतेस."

"आवाज मोठा होता."

"तीन वर्षं तेवढाच हाय."

रेडिएटरला बारीक चीर होती. उस्तादांनी फळीवरचा हळदीचा डबा काढला, मूठभर हळद पाण्यात कालवली आणि आत ओतली.

"भाजी करताय का, मिस्त्री?" ट्रकवाला म्हणाला.

"मीठ तू घाल."

इंजिन चालू केल्यावर थोड्या वेळानं थेंब थांबला. उस्तादांनी ट्रकवाल्याला समोर उभं केलं.

"नीट ऐक. हळद घातलीय. गळती थांबलीय, बरी झालेली न्हाई. वरपर्यंत जाशील. येताना इथं थांबायचं. न्हाई थांबलास तर पुढं कुठं माझं नाव सांगायचं न्हाई."

"थांबतो की."

ट्रक गेला. वैदेहीनं डबा फळीवर ठेवला.

"याला काम म्हणायचं का, उस्ताद?"

"न्हाई."

"मग?"

"मदत म्हणायची."

"माझ्या गॅरेजात हा डबा नसेल."

"बोर्डावर लिहून घे तसं," उस्ताद म्हणाले, आणि हिरव्या गाडीकडं वळले. "उद्या मी कोरेगावला, पुतणीचं लग्न हाय. हिला उलटं पाणी द्यायचं, खालून वर. आधी धुण्याचा सोडा. पाणी काळं येईल, मग तांबडं. फिक्क्या चहासारखं आलं की बंद करायचं."

"चहासारखं का? पिण्यासारखं यावं की."

"मग पी."

"पण उस्ताद, घाण राहिली तर..."

"गाडी न्हवं, साठ वर्षांची बाई हाय ही," उस्ताद म्हणाले. "तिला किती घासायचं याला काही हाय का न्हाई?"

*

शनिवारी गॅरेजात वैदेही एकटीच होती.

तिनं खालचा पाईप सोडवला. इंजिनाच्या पोटातलं बूच उघडलं, तर आतून काही आलंच नाही. गाळ घट्ट बसला होता. तारेनं टोकरल्यावर एकदम भसकन चिखल आला आणि तिच्या हातातली तार पडली. मग नळाची नळी लावून तिनं खालून वर पाणी सोडलं. काळं आलं. तांबडं आलं. अकराच्या सुमाराला फिक्क्या चहासारखं आलं.

तिनं नळ बंद केला.

गाडी जोडून, तापवून तिनं यंत्र धरलं. चार बोटांच्या जागेवर चौऱ्याहत्तर. कोपऱ्यात एकाहत्तर.

म्हणजे अजून दहा-तेरा अंशांचा फरक.

उस्ताद असते तर हात लावून म्हणाले असते, चालतंय. पण चालतंय म्हणजे किती? घाटात, चढावर, शहात्तर वर्षांची एकटी बाई, आणि एवढा फरक. आणि हात तर तिचा होता.

साताऱ्याहून आणलेली एक बाटली तिच्या पिशवीत होती. आतून चकचकीत करणारं ॲसिड. उस्तादांना ती बाटली तिनं दाखवली नव्हती.

तासाभरानं पाणी काचेसारखं आलं. तिनं ते पेल्यात धरून उजेडात बघितलं. पेल्याचा फोटो काढला. तो फोटो उस्तादांना दाखवायचा असं तिनं ठरवलं.

साधं पाणी भरून तिनं इंजिन चालू केलं. घाटाची पहिली खेप साध्या पाण्यावर करायची, कूलंट नंतर भरायचं, हाही उस्तादांचाच रिवाज. सगळीकडं चौऱ्याऐंशी. वर, खाली, कोपऱ्यात. तिनं उपडा हात लावला. कुठंच गार नव्हतं.

टप्.

ती दचकली. आवाज मोठा नव्हता.

टप्.

खाली अंथरलेलं फडकं ओलं होत होतं. तिनं वाकून बघितलं. रेडिएटरच्या खालच्या नळ्यांवर तीन भोकं होती, टाचणीच्या टोकाएवढी. ती आज पडलेली नव्हती. कधीची तरी होती. साठ वर्षांच्या गाळानं ती बुजवून धरली होती आणि तिनं तो गाळ काढला होता, शेवटच्या कणापर्यंत.

नवी जाळी बसवायला चार दिवस. झाळ लावून भोकं बुजवायला माणूस साताऱ्यात, आणि ॲसिडनं पातळ झालेल्या पितळेवर झाळ धरेल याची खात्री नाही. रविवारी सकाळी सातला फ्रेनीबाई येणार. सोमवारी गाडी जाणार.

तिनं उस्तादांना फोन लावला. पलीकडून सनईचा आवाज आला. "हां, बोल," उस्ताद म्हणाले.

"...काही नाही. जेवलात का?"

"जेवतोय. गाडी?"

"झाली."

फळीवरच्या डब्यातली हळद घेतली असती तर उस्तादांना कळलं असतं. ती घरी गेली. आई झोपली होती. स्वयंपाकघरातून मूठभर हळद कागदात बांधून ती परत आली.

अर्ध्या तासात थेंब थांबला. तिनं ओलं फडकं धुतलं, नवं अंथरलं, शटर ओढलं. पुन्हा जाळीला हात लावून बघायला हवं होतं. ते तिनं केलं नाही.

*

रविवारी ती साडेसहाला पोचली तेव्हा उस्ताद आलेले होते. त्यांच्या हातात फडकं होतं.

मध्यभागी एक डाग होता. बांगडीएवढाही नाही, शर्टाच्या बटणाएवढा. पिवळसर.

"हे काय?"

"गंजाचं पाणी असेल," वैदेही म्हणाली. "जुनी गाडी आहे."

"गंज..."

"हो."

उस्तादांनी मान डोलावली. ते नळाजवळच्या धुण्याच्या दगडापाशी गेले. फडकं ओलं केलं. साबणाची वडी घेतली आणि डागावर एकदा, दोनदा फिरवली.

डाग लाल झाला. कुंकवासारखा.

गंज साबणानं लाल होत नाही. हळद होते. हे सांगायला इंजिनियरिंग लागत नाही, घरी एकदा हळदीचे कपडे धुतलेले पुरतात.

उस्तादांनी तिच्याकडं बघितलं नाही. फडकं पिळलं, झटकलं आणि गॅरेजच्या दारातल्या तारेवर टाकलं.

"ट्रकला तुम्हीच घालता," वैदेही म्हणाली.

"घालतो."

"मग?"

उस्तादांनी फडक्याला चिमटे लावले.

"मग काय, उस्ताद?"

उस्तादांनी साबण जागेवर ठेवला.

पहिल्या एसटीनं फ्रेनीबाई आल्या. डोक्याला निळा रुमाल, हातात पांढरे हातमोजे, आणि गळ्यात अडकवलेला चष्मा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला. मग दार उघडून उजव्या सीटवर बसल्या.

"हसनभाई, निघू?"

"आज माझा हात न्हाई, बाई," उस्ताद म्हणाले. "हिचा."

त्यांनी दोन्ही हात सदऱ्याच्या खिशांत घातले आणि ते बाकावर बसले. तीन वर्षांत वैदेहीनं त्यांचे हात खिशात बघितले नव्हते.

तिनं इंजिन चालू करायला सांगितलं. आवाज सरळ होता. काटा वर चढला, मध्यावर आला, थांबला. जिथं थांबायला हवा तिथंच. खाली कोरडं होतं. तिनं यंत्र धरलं. वर चौऱ्याऐंशी.

इंजिन बंद झालं.

तिनं हात उपडा केला. डावीकडून सुरुवात केली. गरम. गरम. टेकवत, उचलत ती पुढं गेली. गरम. खालचा डावा कोपरा...

गार.

दोन बोटं रुंद. काल धुतल्यावर इथं काही गार नव्हतं. हळद भोकात बसली होती, आणि भोकापलीकडंही गेली होती. एक-दोन नळ्या तिनं बुजवल्या होत्या.

तिनं बोटं तिथंच ठेवली. काढली असती तर बरं झालं असतं. दोन बोटांच्या गार जागेनं गाडी घाट चढत नाही असं नाही. चढतेही. भोकं धरून राहतातही. बाकावरून कोपरा दिसत नव्हता, सीटवरूनही नाही. ती जागा फक्त तिच्या बोटांना माहीत होती.

"झालं, डीकरी?" फ्रेनीबाईंनी विचारलं. त्या हातमोजे चढवत होत्या.

दोन शब्द होते. ते म्हटले की फ्रेनीबाई निघाल्या असत्या. साताऱ्याची शेड उघडली असती.

तिनं उस्तादांकडं बघितलं. उस्ताद घाटाकडं बघत होते.

"बाई," वैदेही म्हणाली. तिचा आवाज चिरकला. तिनं तो परत लावला. "बाई, यात हळद घातलीय. मी. रेडिएटरला तीन भोकं आहेत. ती मी उघडी केली. उस्तादांनी थांब म्हटलेल्या जागी मी थांबले नाही."

फ्रेनीबाईंचा एक हातमोजा अर्धाच चढला होता.

"आणि आता एक कोपरा गार लागतोय. म्हणजे तिथून पाणी फिरत नाही. गाडी दुरुस्त झालेली नाही. झाली असं मी काल उस्तादांना सांगितलं, ते खोटं होतं."

तारेवरच्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं.

"चाळीस वर्षं मुली शिकवल्या," फ्रेनीबाई हळूच म्हणाल्या. "सूर चुकला की पायानं पेडल दाबून ठेवायच्या. सगळा घोटाळा एकमेकांत मिसळून जाईल म्हणून. मला वाटायचं, यांना चूक ऐकूच येत नाही."

"ऐकू येते," वैदेही म्हणाली.

"हं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडं नीट बघितलं. वैदेहीचे कान तापले होते. कान, मान, गाल.

"किती वर जाईल?"

"तिसऱ्या वळणापर्यंत नक्की. पुढं थांबत थांबत. इंजिन निववायचं, पाणी घालायचं, पुन्हा निघायचं. तीन तास लागतील. कदाचित मध्येच थांबेल ती कायमची."

"कदाचित नाही थांबणार."

"कदाचित."

"पुण्याचा माणूस?"

"त्याला मी सांगते. भोकं तीन आहेत, आणि कुणी उघडी केली तेही."

"तो कमी पैसे देईल."

"नव्या जाळीचे माझे."

फ्रेनीबाईंनी स्टिअरिंगवर एक हात ठेवला. मग त्यांनी उरलेला हातमोजा पूर्ण चढवला, बोट बोट ओढून.

"पाणी किती लागेल?"

"तीन कॅन."

"मग आण. आणि..." त्यांनी डाव्या सीटवरची आपली पर्स उचलून पायाशी ठेवली. "तू इकडे बस."

वैदेहीनं कॅन भरले. एका कॅनचं झाकण दोनदा पडलं. तिनं कॅन सीटमागच्या फटीत उभे केले. ती दारापाशी आली आणि थांबली. चुकलेल्या गाडीत बसायला परवानगी कुणाची घ्यायची, तिला कळेना.

उस्ताद बाकावरून उठले.

ते गाडीपाशी आले. रेडिएटरकडं त्यांनी पाहिलं नाही. खिशातून उजवा हात काढला, बाही वर सारली, हात उपडा केला आणि बोटांची मागची बाजू वैदेहीच्या कपाळाला टेकवली. उचलली. डाव्या गालाला टेकवली. उचलली. उजव्या गालाला.

ती दचकली नाही.

"उस्ताद..."

"कुठंच गार न्हाई," उस्ताद म्हणाले. "जाऊ दे."